अडीच लाखांची यादी

सकाळी साडेसहा

शटर वर केलं की पहिली नजर भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे जाते. जुलैत काटा ऐंशीच्या खाली सहसा उतरत नाही. दुकान वलवणला आहे. वलवण लोणावळ्यातच मोडतं आणि लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर जातो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना खिडकीतून घरात शिरणाऱ्या ढगाचं कौतुक असतं. माझ्या दुकानात मात्र मदरबोर्ड आणि रॅम लाकडी कपाटात असतात आणि कपाटात पावसाळाभर चाळीस वॉटचा जुना बल्ब जळत असतो. सोबत सिलिका जेलच्या पुरचुंड्या. दाण्यांचा निळा रंग जाऊन ते गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजायचे, पुन्हा निळे झाले की परत कपाटात. हा तवा स्वयंपाकघरातला नाही, ह्याच कामाला वेगळा ठेवलाय. त्या दाण्यांचा रंग पोटात जाऊ नये असा असतो.

टेबलावर काल संध्याकाळी जोडलेलं एक मशीन रात्रभर मेमरीची तपासणी करत बसलं होतं. पडद्यावर चुकांच्या रकान्यात शून्य. एका रात्रीत एक जरी चूक दिसली तर ती रॅम परत जाते. एकच तर आहे, चालून जाईल, असं म्हणायची सोय ह्या धंद्यात नाही. त्या एका चुकीपायी तीन महिन्यांनी कुणाचा तरी गेम ऐन मोक्याला बंद पडतो आणि दोष विंडोजवर जातो.

सव्वासात

दूध आणायला निघालो की धरणाच्या बाजूने जातो. वलवणचं धरण टाटांच्या जलविद्युत योजनेतलं. लोणावळा, वलवण आणि शिरवता ह्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडायचं, त्या पाचशे मीटरच्या आसपासच्या उतारावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. जमशेटजी टाटांनी स्वप्न पाहिलं, ते १९०४ साली गेले आणि खोपोलीची वीज १९१५ मध्ये सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी इथल्या पावसाची वीज करता येते हे कुणीतरी हिशेबाने मांडून दाखवलं. तो हिशेब पायथ्यापासून सुरू झाला होता. पाणी किती, उतार किती, भिंत कुठे. गिरणीतला माग त्याच्या शेवटच्या टोकाला होता.

गेमिंगचं मशीन जोडायला येणारे बहुतेक जण उलट टोकाने सुरू करतात. आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव, मग उरलेल्या पैशांत बाकीचं जे बसेल ते. भिंतीतला प्लग कुणाच्या यादीत नसतो.

नऊ

आज जिची वेळ ठरली आहे ती मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे. आठवड्यातले दोन दिवस लोणावळा लोकलने शिवाजीनगरला जाते, बाकीचे दिवस वलवणच्या घरातून काम. सोबत वडील आलेत. त्यांचे दोन छोटे बंगले आहेत, शनिवार-रविवारी भाड्याने देतात.

"काका, ५०९० घ्यायचंय," खुर्चीवर बसायच्या आत तिने सांगितलं.

"बजेट?"

"सगळं मिळून अडीच लाख. माझे स्वतःचे आहेत. बाबांनी एक रुपया द्यायचा नाही."

वडील छत्री झटकत म्हणाले, "भाऊ, मी फक्त गाडी चालवायला आलोय."

एन्व्हिडियाने आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आणलं, भारतातली जाहीर किंमत २ लाख १४ हजार. दुकानात ते त्या भावाला मिळणं कठीण. म्हणजे अडीच लाखांतले छत्तीस हजार उरले आणि त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट आणि मॉनिटर. मी हे पाटीवर लिहून तिच्यासमोर ठेवलं. ती हुशार आहे, आकडे दिसल्यावर वाद घातला नाही.

मग मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. कार्डाचा विषय सोडून बाकी सगळे. कुठल्या पडद्यावर खेळणार? कोणत्या खोलीत? खिडकी कोणत्या बाजूला? घरात लाइट गेली तर किती वेळ जाते? काय खेळतेस, आणि काय बनवतेस?

शेवटच्या प्रश्नावर ती मोकळी झाली. शाळेत असताना चुलतभावाच्या लॅपटॉपवर 'राजी' खेळली होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम २०२० मध्ये आला. आपल्या पुराणकथांतून घडवलेली गोष्ट, नायिका एक लहान मुलगी, आणि करणारे पुण्याचे. "हे इथे बनवता येतं हे तोपर्यंत माहीतच नव्हतं," ती म्हणाली. आता ऑफिसच्या वेळेनंतर अनरिअल इंजिनमध्ये स्वतःचं काहीतरी करते. लोहगडाच्या वाटेसारखी एक वाट, धुक्यातली. आणि रात्री खेळते. सायबरपंकमध्ये पाऊस पडलेल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब सगळ्या सेटिंग्ज वर करून बघायचंय.

युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, सुपरगेमिंग पुण्याचीच. मावळातली मुलं आयटीत जातात हे जुनं झालं, गेम बनवायला जातात हे नवं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. म्हणून हे मशीन नीट झालं पाहिजे. तिच्या दोन-तीन वर्षांच्या बचतीचं आहे ते.

साडेदहा

चहा झाला आणि आम्ही यादीला बसलो.

पडदा आधी. २७ इंच, १४४० पिक्सेलचा. ४के घेतलं तर कार्डाला दुपटीहून जास्त ठिपके रंगवावे लागतात. २७ इंचांवर दोन फुटांवरून बघताना त्या जास्तीच्या ठिपक्यांचा जेवढा फायदा डोळ्याला होतो, त्याच्या कितीतरी पट खर्च कार्डावर होतो. पडदा ठरला की कार्ड आपोआप ठरतं. १४४० साठी आरटीएक्स ५०७० टीआय पुरून उरतं. ५०८० आणि ५०७० टीआय दोघांतही मेमरी १६ जीबी, वेगात फरक पंधरा टक्क्यांच्या आसपास. बाजारात आणतानाच्या जाहीर किमती १ लाख ७ हजार आणि ८० हजार. त्या सत्तावीस हजारांचं काय करायचं ते मला माहीत होतं, पण अजून बोललो नाही.

"एएमडीचं ९०७० एक्सटी?" तिने विचारलं. प्रश्न योग्य होता. तेही १६ जीबीचं, दमदार, आणि सहसा स्वस्त पडतं. नुसतं खेळायचं असतं तर मी तेच सुचवलं असतं. पण तिला किरणांचा खेळ, म्हणजे रे ट्रेसिंग, पुरेपूर हवाय आणि ती ब्लेंडरही वापरते. तिथे एन्व्हिडियाचं पारडं जड आहे.

प्रोसेसर. इथे मी जरा वेळ घेतला, कारण लोक इथे कोअरची संख्या मोजतात आणि फसतात. रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये आठच कोअर आहेत, पण ९६ एमबी एल३ कॅश आहे. त्याच पिढीच्या साध्या आठ कोअरवाल्यात ३२. गेमला सतत छोटीछोटी माहिती लागते, कुठली कुठून लागेल याचा नेम नसतो. फोडणीच्या वेळी मिसळणाचा डबा ओट्यावर असणं आणि दर खेपेला माळ्यावर चढणं, यात जो फरक, तो ह्या कॅशमध्ये आणि रॅममध्ये. ह्या पिढीत एएमडीने ती जास्तीची कॅश कोअरच्या खाली नेली. आधी ती वर होती, त्यामुळे कोअरची उष्णता तिच्यातून वाट काढत यायची. आता कोअर थेट वरच्या झाकणाला लागतात आणि प्रोसेसर थंड राहून जास्त वेगाने चालतो. ही खरी इंजिनिअरिंगची करामत आहे, जाहिरातीतली नाही.

ती म्हणाली, "पण अनरिअलमध्ये शेडर कंपाइल करताना सोळा कोअर बरे ना?" बरे, शंकाच नाही. त्यासाठी ९९५०एक्स३डी आहे. पण कंपाइल दिवसातून काही वेळा होतं आणि तेवढ्यात चहा पिता येतो. पैसे मर्यादित असताना रोज तीन तास जे करायचंय त्याला द्यावेत. आणि मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा घेतोय, २०२७ पर्यंत आणि पुढेही ह्या सॉकेटवर नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलंय. पुढे बढती मिळाली की नुसता प्रोसेसर बदलायचा.

मदरबोर्ड बी८५०. एक्स८७०ई वर लोक भाळतात, दिवे आणि पत्रे जास्त. तिला हवं ते बी८५० मध्ये आहे: एसएसडीसाठी निदान तीन जागा, अडीच गिगाबिटचं नेटवर्क, आणि मागच्या बाजूला प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येईल असं बटण. ते बटण मी सोडत नाही. २०२३ मध्ये काही एएम५ बोर्डांवर एसओसीचं व्होल्टेज इतकं चढवलेलं होतं की प्रोसेसर जळले आणि मग एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधून घालून दिली. तेव्हापासून माझ्याकडे नवीन बोर्ड आला की आधी बायोस अद्ययावत, मग बाकीचं.

रॅम ६४ जीबी, पण दोनच पट्ट्यांत, ३२-३२. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की एएम५ वर वेग खाली आणावा लागतो. ६००० चा वेग, सीएल३०. गेमला ३२ जीबी पुरली असती, अनरिअल मात्र उघडं असतानाच ती गिळून टाकतं.

(हे लिहिताना एक सांगायलाच हवं. २०२५ च्या त्या जुलैत तिने घेतलेली रॅम वर्षअखेरीस दुपटीच्याही वर गेली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने आपल्याकडे वळवले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने घरगुती ग्राहकांचा क्रुशल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. ३२ घेऊन पुढे वाढवू असं त्या दिवशी ठरलं असतं तर ते पुढे फार महागात गेलं असतं.)

एसएसडी दोन टीबी, चौथ्या पिढीची. पाचव्या पिढीच्या दुप्पट वेगाचा गेम उघडायला फरक सेकंदांत मोजावा इतकासुद्धा नाही, वर ती तापते.

बारा

आता फोन. ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मुंबईचा माल तिथून, पुण्याचा बुधवार पेठेतून. दोन्हीकडे भाव विचारतो.

फोनवरचं बोलणं छोटं असतं. "९८००एक्स३डी, बॉक्स का ट्रे?" ट्रे म्हणजे खोक्याशिवायचा, कारखान्यांसाठी घाऊक आलेला माल. दीड-दोन हजारांनी स्वस्त असतो, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षं. माझ्याकडून ट्रे कुणाला जात नाही. "जीएसटीसकट सांगा." संगणकाच्या भागांवर १८ टक्के, आणि बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणारा माणूस पुढच्या तीन वर्षांची वॉरंटी त्या १८ टक्क्यांत विकत असतो. "कार्डाचा सीरियल नंबर बिलावर टाका." वॉरंटीच्या वेळी पहिला प्रश्न तोच येतो.

ग्राफिक्स कार्डाची कंपनी निवडताना मी पंख्यांचे दिवे बघत नाही. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात किंवा मुंबईत आहे का, आणि कार्ड परत यायला त्यांना सरासरी किती दिवस लागतात, हे बघतो. लोणावळ्यातून दोन्ही शहरं जवळ, हा इथे राहण्याचा फायदा.

अडीच

जेवण उरकून तिच्या घरी. यादीतला सर्वात महत्त्वाचा भाग इथे आहे म्हणून पाऊस असला तरी जायचं.

घर तिच्या आजोबांनी बांधलेलं, पुढे वाढवलेलं. तिची खोली मागच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीला ओल आलेली, त्या भिंतीलाच टेबल. मी आधी टेबल आतल्या भिंतीकडे सरकवायला सांगितलं. मग पिशवीतून मल्टिमीटर काढला.

तीन मापं असतात. फेज आणि न्यूट्रल: २३१ व्होल्ट, छान. फेज आणि अर्थ: तेवढंच यायला हवं, आलं १९०. न्यूट्रल आणि अर्थ: एक-दोन व्होल्टच्या आत हवं, आलं ४१.

"बाबा, माझ्या जुन्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणते ना मी," ती लगेच म्हणाली.

येणारच. एसएमपीएसमध्ये आत शिरण्याच्या जागी गोंगाट गाळणारी दोन छोटी कपॅसिटर असतात. एक फेजकडून कॅबिनेटच्या पत्र्याला, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट इतका कमी की जीव जात नाही, झिणझिण्या येतात. पण त्याच पत्र्याला मदरबोर्डची ग्राउंड जोडलेली असते. मॉनिटरची एचडीएमआय दुसऱ्या प्लगवरून आली आणि मशीन चालू असताना कुणी ती खोचली, तर हा फरक कार्डाच्या सॉकेटमधून वाट काढतो. ऐंशी हजारांचं कार्ड असं गेलं की वॉरंटीवालेही हात वर करतात.

आम्ही घरामागे गेलो. अर्थिंगचा खड्डा जास्वंदीच्या खाली, वर फरशी. काढली तर आत पाइप गंजून निम्मा उरलेला आणि तारेचा जोड हिरवा पडलेला. आता जुलै आहे, जमीन चिंब आहे, तरी ४१ व्होल्ट. मावळात वरती हातभर मुरूम आणि खाली कातळ. एप्रिल-मेमध्ये हा मुरूम पार सुकतो, तेव्हा ह्या खड्ड्याचा काहीच उपयोग राहत नसणार. अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात करून बरं आलं म्हणून समाधान मानू नये, उन्हाळ्यात पुन्हा मोजावं. ही गोष्ट घाटमाथ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे, संगणक असो वा नसो.

वडील खड्ड्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "हे माझं काम. हा खर्च तिच्या यादीत धरू नका." त्यांनी तिथेच वायरमनला फोन लावला. नवा तांब्याचा इलेक्ट्रोड, खोल खड्डा, आणि तिच्या खोलीपर्यंत वेगळी हिरवी तार. बंगल्यांतल्या गिझरांचंही बघून घ्या, मी म्हटलं. तेही त्यांनी फोनवरच सांगितलं.

साडेचार

परत येताना पाऊस वाढलेला, जुन्या हायवेला गाड्यांची रांग. डोक्यात मात्र सत्तावीस हजारांचा हिशेब.

त्यातला मोठा वाटा यूपीएसला. हे मशीन खेळताना भिंतीतून सव्वापाचशे वॉटच्या आसपास ओढेल: कार्ड तीनशे, प्रोसेसर शंभर, बाकी सगळं सत्तरेक, आणि एसएमपीएसमधली गळती. मॉनिटर वेगळा. पूर्वीचा सहाशे व्हीएचा डबा साडेतीनशे वॉटलाच मान टाकतो. दीड हजार व्हीएचा हवा आणि तोही शुद्ध साइन वेव्हचा. ह्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं. साध्या यूपीएसच्या चौकोनी लहरीवर गेल्यावर त्यातले काही गोंधळतात आणि बॅटरी भरलेली असूनही मशीन बंद पडतं. इथे वाऱ्यात फांदी तारेवर टेकली की लाइट अर्ध्या सेकंदासाठी जाते आणि येते, दिवसातून चारदा. घड्याळसुद्धा चुकत नाही एवढा वेळ, पण कंपाइल चालू असताना तेवढं पुरतं.

दुसरा वाटा एसएमपीएसला. ८५० वॉट, गोल्ड, एटीएक्स ३.१. आजची कार्डं सरासरी तीनशे वॉट घेत असली तरी क्षणाच्या सहस्रांशासाठी कितीतरी जास्त ओढतात. ह्या नव्या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार शंभर मायक्रोसेकंद सोसला पाहिजे अशी अट आहे. शिवाय कार्डाला जाणारी सोळा पिनांची वायर एसएमपीएसचीच असावी, मधला जोड नको. २०२२ मध्ये ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याची जगभर चर्चा झाली, त्यात पुरता न खोचलेला प्लग हे एक मोठं कारण निघालं. नव्या कनेक्टरमध्ये बारीक सेन्स पिना आखूड केल्यात, प्लग अर्धवट बसला तर कार्ड वीज घेतच नाही. तरीही मी आत दाबून, टॉर्च मारून, फट दिसत नाही हे बघतो. आणि कनेक्टरपासून निदान तीन सेंटिमीटर वायर सरळ ठेवतो, त्याआधी वळवत नाही.

कूलर हवेचा. दोन मनोऱ्यांचा, दोन पंख्यांचा. ३६० मिलिमीटरचा पाण्याचा कूलर काचेतून देखणा दिसतो हे खरं. पण गेममध्ये ९८००एक्स३डी शंभर वॉटच्या आतबाहेरच घेतो आणि वलवणची हवा पुण्यापेक्षा गारच. हवेच्या कूलरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो कुठेही मिळतो.

सहा

दुकानात एक कॉलेजचा मुलगा मशीन घेऊन थांबलेला. "डिस्प्ले येत नाही. पंखे फिरतात." पंधरा दिवस गावी होता, मशीन बंद.

रॅमची पट्टी काढली. सोनेरी दातांवर मंद तपकिरी थर. साधं पांढरं खोडरबर घेतलं, दात टेबलाच्या कडेला टेकवून एकाच दिशेने हलक्या हाताने घासलं, दोन्ही बाजूंनी. कचरा ब्रशने झाडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला, स्लॉटमध्ये फुंकर मारायची नाही कारण तोंडातली वाफ जाते, हवेचा डबा मारला. पट्टी बसवली, दोन्ही खटके वाजले. सुरू केलं, डिस्प्ले आला.

पैसे घेतले नाहीत, सल्ला दिला: पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेव. चालू मशीन आतून कोमट असतं, दमटपणा टिकत नाही. बंद पडून राहिलेलंच खराब होतं. आणि त्याच्या कॅबिनेटच्या मागे कार्डाशेजारची एक पट्टी गायब होती, ती लावून दिली. त्या फटीतून पाल आत जाते. उबेला येते आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला दोन टोकांना एकदम टेकते. हा प्रकार इथे नवा नाही.

तिच्या कॅबिनेटची निवड ह्यावरूनच केली. पुढे जाळी, जाळीमागे काढता-धुता येणारी गाळणी, मागच्या सगळ्या पट्ट्या स्क्रूच्या. तोडून काढायच्या पत्र्याच्या पट्ट्या नकोत, एकदा काढली की परत लागत नाही. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही.

पावणेआठ

तिचा फोन. "काका, मॉनिटर ओलेड घेऊ का? रंग इतके सुंदर दिसतात."

दिसतात, त्याला तोड नाही. काळा तो खरोखर काळा. पण तू दिवसाचे आठ तास अनरिअलचा एडिटर उघडून बसणार. त्याच्या पट्ट्या, त्याची चिन्हं, रोज त्याच जागी. ओलेडचे ठिपके स्वतःच उजळतात आणि जिथे रोज तेच उजळतं तिथे लवकर थकतात, मग ती सावली कायमची राहते. कंपन्या त्यावर उपाय करतायत, ठिपके सरकवतात, रात्री दुरुस्ती चालवतात. तरी कामाचा आणि खेळाचा पडदा एकच असेल तर मी आयपीएसच देतो. १८० हर्ट्झचा चांगला आयपीएस घे. ओलेड पुढे कधी फक्त खेळायला घे.

थोडा वेळ शांतता. मग, "बरं. आणि वीजबिल? बाबा विचारतायत."

अर्ध्या किलोवॉटहून थोडं जास्त, रोज तीन तास. दीड-पावणेदोन युनिट. महिन्याला पन्नासच्या आसपास. मागून वडिलांचा आवाज आला, "गिझरपेक्षा कमी आहे."

साडेनऊ

यादी लिहून तिला पाठवली. वरून खाली असा क्रम: अर्थिंग, यूपीएस, एसएमपीएस, मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कूलर, कॅबिनेट. अर्थिंगच्या समोर रकमेच्या जागी "बाबा" लिहिलं. बाकीची बेरीज २ लाख ४६ हजार. उरलेल्या चार हजारांत चांगला माऊस येईल, कीबोर्ड तिचा आहेच.

खाली सूचना लिहिल्या. माल येईल तो आधी माझ्याकडे, दोन दिवस कपाटात. गाडीच्या एसीतून आणलेलं खोकं दमट हवेत लगेच उघडायचं नाही, थंड पत्र्यावर लगेच दव धरतं. जोडल्यावर पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा पडदा काही मिनिटं काळाच राहील, एएम५ वर रॅमचं मोजमाप चालू असतं, घाबरून बटण दाबू नकोस. ते झाल्यावर बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅमच्या पूर्ण वेगाची सेटिंग, चालू करायची, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर पळत राहते आणि कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो.

तिचं उत्तर आलं: ऑर्डर करा. वायरमन परवा येतोय.

लॅमिंग्टन रोडला कार्ड, प्रोसेसर आणि रॅमचा मेसेज टाकला, बुधवार पेठेत यूपीएसचा, कारण बॅटरीचं वजन लांबून आणण्यात अर्थ नाही. एसएमपीएसचं बिल वेगळं करायला सांगितलं. त्याची वॉरंटी दहा वर्षांची आहे, बाकी मशीन दोनदा बदलेल तरी तो कागद तिला लागणार आहे.